रंगाआधी उजेड

मे महिन्यातल्या भर दुपारी वसईच्या किल्ल्यात एखाद्या पडक्या चर्चच्या कमानीसमोर उभे राहिलात, तर त्या दगडाचा रंग कोणता हे सांगणे अवघड जाते. दगड काळा, बेसाल्टचा, एवढे आपल्याला ठाऊक असते. डोळ्यांना दिसते ते वेगळेच. उन्हातला भाग फिकट, जवळजवळ पिवळसर. कमानीची आतली बाजू निळसर गडद. जमिनीलगतचा हातभर पट्टा तांबूस, कारण तापलेली माती ऊन वर परतवत असते. आणि दोन चिरे जिथे एकमेकांना भिडतात त्या फटीत निव्वळ काळोख. दगड एकच, रंग चार.

हौसेने डिजिटल चित्रे रंगवायला बसणाऱ्याने आधी शिकायचे ते हेच. वसई-विरारमध्ये असे हौशी पुष्कळ भेटतात: कॉलेजातली मुले, नोकरीवरून घरी आल्यावर रात्री तासभर टॅबलेट उघडणारे, निवृत्तीनंतर पहिल्यांदा पेन हातात धरणारे. त्यांचे पहिले प्रश्न ठरलेले असतात. ॲप कोणते घ्यावे, ब्रश कोणता, त्वचेच्या रंगाचा नेमका कोड काय. प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरे मिळूनही चित्र सपाट किंवा मळकट राहते, आणि मग दोष ॲपला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा एकच असते: चित्रातला उजेड कुठून येतो, हे रंगवणाऱ्याने ठरवलेलेच नसते. मग प्रत्येक आकार कडेने गडद आणि मध्ये उजळ केला जातो, आणि चेहरा, घडा, डोंगर सगळे उशांसारखे फुगलेले दिसतात.

शासनाच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा ज्यांनी शाळेत दिल्या आहेत, त्यांनी हा धडा एकदा गिरवलेला आहे. स्थिरचित्राच्या पेपरात तांब्या, फळ आणि मागे टाकलेले कापड असे. तिथे शिकवलेले सगळे डिजिटल रंगकामात जसेच्या तसे लागू पडते. गोल वस्तूवर एका बाजूने उजेड पडला की सर्वात आधी चकाकीचा ठिपका, मग उजळ भाग, मग मधला टोन दिसतो. त्यापुढे उजेड जिथे वळून संपतो तिथे सावलीचा सर्वात गडद पट्टा येतो. नवशिक्याला वाटते की उजेडापासून जितके दूर तितके जास्त काळे. पण त्या पट्ट्याच्याही पलीकडे, वस्तूच्या कडेला, सावली पुन्हा किंचित उजळते, कारण खालच्या टेबलावरून परतलेला उजेड तिथे पोहोचतो. हा परावर्तित उजेड दाखवला की गोळा गोल दिसतो, विसरला की चकती होते. पण तो कधीही उजळ बाजूच्या मधल्या टोनपेक्षा फिका असता कामा नये. तसे झाले की एकाच खोलीत दोन दिवे लावल्यासारखे वाटते आणि सगळा आकार मोडतो. शेवटी वस्तूने टेबलावर टाकलेली पडछाया, आणि वस्तू टेबलाला टेकते तिथली बारीक काळी रेघ. ही रेघ नसेल तर वस्तू हवेत तरंगते.

उजेडाचे दोन टोकाचे प्रकार वसईत वर्षभरात पाहायला मिळतात. एक एप्रिल-मेचे ऊन. सूर्याची तबकडी आपल्याला आकाशात सुमारे अर्ध्या अंशाची दिसते, म्हणजे लहान. त्यामुळे सावलीची कड धारदार पडते. तरीही ती सगळीकडे सारखी धारदार नसते. सावली टाकणारी वस्तू जितकी दूर, तितकी कड विरघळते: समोरच्या पृष्ठभागावर एक मीटर अंतराला सुमारे ९ मिलिमीटर, दहा मीटरला सुमारे ९ सेंटीमीटर. माडाच्या सावलीत हे स्वच्छ दिसते. बुंध्याजवळ सावलीची कड सुरीने कापल्यासारखी आणि झावळ्यांच्या टोकांशी धूसर. चित्रात माडाची सगळी सावली एकाच कडक ब्रशने काढली की ती जमिनीवर चिकटवलेली वाटते; शेंड्याकडे कड थोडी मऊ केली की झाडाला उंची येते.

दुसरा प्रकार पावसाळ्यातला. जुलैमध्ये ढग दाटले की सगळे आकाशच एक मोठा दिवा होते. उजेड सर्व बाजूंनी येतो, पडछाया जवळपास नाहीशी होते, आणि काळोख फक्त तिथे साठतो जिथे आकाश पोहोचत नाही: वळचणीखाली, पाचूबंदरला किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या तळाशी, दोन घरांच्या मधल्या बोळात. पावसाळी चित्र रंगवताना सावल्यांऐवजी फक्त या सांदीकोपऱ्यांत गडद टोन भरला, तरी चित्र ओलसर दिसू लागते.

हे दोन उजेड कळले की डिजिटल शेडिंगच्या दोन मुख्य पद्धती आपोआप कळतात. पहिली कडक कडांची. जुन्या ॲनिमेशनपटांत पात्रे सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यावर सपाट रंगात रंगवत, एक उजेडाचा रंग आणि एक सावलीचा. तिथून हिला सेल शेडिंग हे नाव पडले. दुसरी मऊ, एका टोनमधून दुसऱ्यात हलकेच उतरणारी. मराठी वाचकाला या दोन्ही पद्धती दिवाळी अंकांनी आणि कॅलेंडरांनी केव्हाच दाखवल्या आहेत. रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांच्या देवदेवतांच्या आणि स्त्रियांच्या चित्रांत गालावरून हनुवटीकडे उतरणारा टोन नेमका कुठे बदलला, त्यावर बोट ठेवता येत नाही. 'दीपावली'चे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी अनेक शैली हाताळल्या, पण त्यांच्या कितीतरी चित्रांत डौलदार रेषा आणि सपाट रंगांचे मोठे तुकडेच सगळे काम करून जातात. माझे मत विचाराल तर हौशी माणसाने सुरुवात दलालांच्या वाटेने करावी. कडक कड काढायची म्हणजे 'उजेड इथे संपतो' असा निर्णय घ्यावा लागतो. मऊ ब्रश तो निर्णय टाळू देतो, आणि मळकटपणा तिथूनच सुरू होतो.

आणि शेडिंग नाकारण्याचाही पूर्ण अधिकार आहे. आपल्याच पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी वारली चित्रकला जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गेरूच्या तांबड्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, एवढीच सामग्री. सावली कुठेही नाही. तरी तारप्याच्या नाचातला फेर फिरताना दिसतो. चित्राला सावली हवी की नको, हे आधी ठरवावे. हवी असेल तर मग ती नीट समजून घालावी.

आता यंत्राकडे वळू. डिजिटल रंगकामाचा कणा म्हणजे लेअर, एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर. ही कल्पना संगणकाने शोधलेली नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तिथली ओलिओग्राफ चित्रे दगडी छपाईने निघत. मूळ तैलचित्राचे रंग कारागीर नजरेने सुटे करत, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार होई, आणि एकच कागद एकामागून एक दगडांखालून जाई. एक दगड केसभर सरकला तरी लक्ष्मीच्या ओठांचा रंग ओठांबाहेर पडे. शाई थोडी पारदर्शक असल्याने वरच्या रंगातून खालचा डोकावे आणि दोन्ही मिळून तिसरा, अधिक गडद रंग होई. छपाईच्या त्या कारखान्यात रोज जे घडत होते, ते फोटोशॉपमध्ये लेअरच्या रूपाने आले १९९४ साली, छापखाना निघाल्यानंतर शंभर वर्षांनी.

लेअरची साधी मांडणी अशी. सर्वात वर रेषा. रेषांखाली 'फ्लॅट' म्हणजे प्रत्येक भागाचा सपाट मूळ रंग: त्वचा एका थरावर, कपडे दुसऱ्यावर, केस तिसऱ्यावर. या दोहोंच्या मध्ये सावलीचा थर. कागदावर पेन्सिलीने काढून मोबाइलने फोटो घेतला असेल तरी चालते. फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवून कागद पांढरा करावा आणि त्या थराला मल्टिप्लाय मोड द्यावा. पांढरे नाहीसे होते, रेषा उरतात. फ्लॅट भरताना बादलीचे टूल रेषेच्या कडेला पांढरा धागा सोडते. त्यावर उपाय म्हणजे भरलेला भाग एक-दोन पिक्सेल रेषेखाली वाढवणे. बहुतेक ॲपमध्ये तशी सोय असते. सावलीचा थर फ्लॅटच्या थराला क्लिपिंगने बांधला की रंग कडेबाहेर जातच नाही. मग हात मोकळा सोडून रंगवता येते, आणि चित्रात जोर येतो तो या मोकळ्या हातामुळे.

मल्टिप्लाय हे नाव रोज वापरले जाते, पण आत काय चालते हे फार थोडे जण पाहतात. संगणक प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांत साठवतो, प्रत्येक आकडा ० ते २५५. मल्टिप्लाय म्हणजे वरच्या आणि खालच्या थराचे आकडे गुणून २५५ ने भागणे. समजा, गव्हाळ त्वचेचा रंग आहे २२४, १७२, १४०. सावलीसाठी फिकट जांभळा घेतला: १७०, १५०, २००. उत्तर येते साधारण १४९, १०१, ११०. नीट पाहा: मूळ रंगात हिरवा निळ्यापेक्षा जास्त होता, आता निळा पुढे गेला. म्हणजे त्वचा नुसती गडद झाली नाही, थंडही झाली. मोकळ्या जागेतली सावली अशीच असते, कारण तिथे सूर्य पोहोचत नसला तरी निळे आकाश पोहोचते. हाच जांभळा काळ्या रंगाने बदलून त्याची ओपॅसिटी कमी केली, तर तिन्ही आकडे सारख्याच प्रमाणात उतरतात आणि त्वचेवर काजळी धरल्यासारखी दिसते. सावलीला काळा वापरू नका असे शिक्षक सांगतात, त्यामागचे गणित हे आहे.

तोच जांभळा लाल कापडावर टाकून पाहू. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती समाजातल्या वयस्कर स्त्रियांचे लाल लुगडे हा रंगाचा अभ्यास करणाऱ्यासाठी उत्तम विषय आहे. मूळ लाल २००, ३०, ४० धरला तर सावलीत तो होतो १३३, १८, ३१: खोल, डाळिंबी लाल. उन्हातली घडी मात्र थोडी नारिंगीकडे सरकवावी लागते, आणि लुगड्यावरून परतलेला लाल उजेड हनुवटीखाली व मनगटाच्या आतल्या बाजूला हलकासा द्यावा लागतो. तो दिला की माणूस आणि कपडा एकाच जागेत आले असे वाटते.

पांढऱ्यावर तर सावलीचा रंग उघडा पडतो. २५५ ला कशानेही गुणले तरी वरचा रंग जसाच्या तसा उरतो. नायगाव-वसईच्या मिठागरांतले मिठाचे ढीग लोकलच्या खिडकीतून सकाळी पाहा. उन्हाची बाजू पिवळसर, सावलीची बाजू चक्क निळी. हौशी रंगवणारा मीठ पांढरे म्हणून सगळा ढीग पांढरा ठेवतो आणि सावलीला राखाडी देतो. ढीग सिमेंटचा होतो. शुद्ध पांढरा फक्त चकाकणाऱ्या कडेपुरता राखून ठेवावा.

मल्टिप्लाय हे सगळ्यावरचे औषध मात्र नाही. वसईच्या केळीच्या बागेत उन्हाच्या विरुद्ध बाजूला उभे राहून वर पाहिले, तर पानाची सावलीतली बाजूच सर्वात झगझगीत दिसते. ऊन पानातून आरपार येते आणि येताना पिवळा-हिरवा रंग घेऊन येते. शिरा गडद उमटतात, आणि मागच्या पानाची सावली पुढच्या पानावर काळपट छाप टाकते. इथे सावलीचा थर घातला की पान मरते. वेगळा थर घेऊन त्यावर पिवळट हिरवा सरळ रंगवावा. उन्हाकडे पाठ करून उभ्या असलेल्या मुलाचे कान लाल दिसतात, अर्नाळ्याला वलांडीवर टांगलेले बोंबील उन्हात उजळतात, तेही याच कारणाने. काय अपारदर्शक आहे आणि कशातून उजेड झिरपतो, हे ओळखणे कोणत्याही ॲपच्या बटणात नाही.

रंग निवडताना आणखी एक गोष्ट फसवते. ॲपच्या रंगचक्रात ब्राइटनेस १०० वर ठेवून आधी शुद्ध पिवळा आणि मग शुद्ध निळा निवडा. आकडा तोच, पण पिवळा डोळ्यांत भरतो आणि निळा जवळजवळ काळोखाकडे झुकतो. पडद्याच्या प्रमाणित रंगपद्धतीत डोळ्याला जाणवणाऱ्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ धरलेला आहे. पिवळा हा लाल आणि हिरवा मिळून बनतो, म्हणून तो इतका उजळ. त्यामुळे स्लायडरवर विश्वास न ठेवता चित्र अधूनमधून राखाडी करून पाहावे. सर्वात वर एक थर राखाडीने भरून त्याला कलर मोड द्यावा आणि हवा तेव्हा दाखवावा, हवा तेव्हा लपवावा. रंग काढल्यावर चेहरा आणि पार्श्वभूमी एकमेकांत मिसळून गेली, तर दोष टोनचा आहे. रंग कितीही बदलले तरी तो जाणार नाही.

आपला डोळाही साक्षीदार म्हणून कच्चा आहे. अमेरिकेतल्या एमआयटीचे एडवर्ड ॲडेलसन यांनी १९९५ मध्ये एक चित्र केले: बुद्धिबळासारखा पट, त्यावर एका नळकांड्याची सावली. सावलीतला 'पांढरा' चौकोन आणि उन्हातला 'काळा' चौकोन प्रत्यक्षात अगदी एकाच राखाडी रंगाचे आहेत, हे सांगूनही पटत नाही. मेंदू सावली वजा करून वस्तूचा मूळ रंग कळवतो. जगायला हे उपयोगी आहे, रंगवायला अडचणीचे. म्हणून फोटोवरून शिकताना आयड्रॉपरने रंग उचलून पाहावेत. नक्कल करण्यासाठी नव्हे. आपण काय समजत होतो आणि तिथे काय आहे यातला फरक कळावा म्हणून.

साधनांबद्दल थोडक्यात. क्रिता हे ॲप मोफत आणि मुक्त स्रोताचे आहे, संगणकावर उत्तम चालते, अँड्रॉइड टॅबलेटवरही मिळते. मोबाइलवर आयबिस पेंट अनेकांना पुरते. बिनपडद्याचा पेन टॅबलेट स्वस्त पडतो. हात टेबलावर आणि नजर पडद्यावर ही सवय लागायला काही आठवडे जातात, ते जाऊ द्यावेत. ब्रशचे शेकडो संच उतरवून घेण्याची गरज नाही. एक कडक गोल, एक मऊ गोल, बस. रंगवताना मोबाइलचा रात्रीचा पिवळा फिल्टर न विसरता बंद करावा, नाहीतर सकाळी सगळी चित्रे निळी निघतात. विरार ते चर्चगेट हा सुमारे ६० किलोमीटरचा प्रवास रोज करणाऱ्यांना बसायला जागा मिळाली, तर फ्लॅट भरण्याचे काम गाडीत उरकता येते. टोनचे निर्णय तिथे घेऊ नयेत; खिडकीतले ऊन पडद्यावर पडले की सगळे खोटे दिसते.

चित्र कधीतरी छापावे अशी इच्छा असेल, दिवाळी अंकात किंवा घरच्या लग्नपत्रिकेवर, तर कॅनव्हास पहिल्याच दिवशी मोठा घ्यावा. ए-फोर कागदाला ३०० डीपीआयने २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे ८७ लाख. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर एका पूर्ण थराला सुमारे ३५ एमबी मेमरी. मोठ्या कॅनव्हासवर मोबाइल ॲप थरांची संख्या का आवळते, ते यावरून कळेल. पडद्यावरचे झगमगते हिरवे आणि निळे छपाईच्या चार शाईंत उतरत नाहीत, ते फिके पडणारच. राखाडीत टोन पक्के असतील तर चित्र तरीही टिकते.

आज सुरुवात करणार असाल तर रंगचक्र बंदच ठेवा. खिडकीशी एक केळे ठेवा, उजेड कोणत्या बाजूने येतो त्याचा एक बाण कॅनव्हासच्या कोपऱ्यात काढा, आणि फक्त तीन राखाडी टोन व एक कडक ब्रश घेऊन ते केळे रंगवा. दुसऱ्या दिवशी तेच केळे, वेगळ्या वेळी. ते लांबून केळे म्हणून ओळखू आले, की मगच पिवळा उघडा.